आकोकचे ऐंशी फॉर्म

सोमवार, ३ फेब्रुवारी

मला रोजनिशी लिहिण्याची हौस नाही. नियम आहे म्हणून लिहिते. आमच्या खात्यात रोगाचा नकाशा करणाऱ्या प्रत्येकाने काम चालू असेपर्यंत एक वही ठेवायची असते. कोणते गाव नकाशात घेतले, कोणते वगळले, का वगळले, हे स्वतःच्या हाताने लिहायचे आणि खाली सही करायची. ज्याने गावाचा ठिपका नकाशात घातला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणाला, संचालकांनाही, तो अधिकार नाही. ठिपका घालणारा माणूसच हाताशी नसेल, तर त्या गावातल्या प्रत्येकाचे रक्त तपासायचे आणि मगच पुढे जायचे. हा नियम एकोणीस वर्षांपूर्वी झाला. कशामुळे झाला ते इथे लिहिण्याची गरज नाही.

माझ्याआधी या जागेवर असलेल्या गृहस्थांनी वही ठेवली नाही. डिसेंबरात निवृत्त झाले आणि किल्ल्या शिपायाच्या हातात देऊन मोकळे झाले. म्हणून राजधानीहून, याउन्देहून, मला पाठवले. माझी स्वतःची निवृत्ती सात महिन्यांवर आहे. मी नाही म्हणू शकले असते.

बसने सात तास लागले. लाल धुळीने माझी पांढरी पिशवी विटकरी झाली. पण गाव बरे आहे. बाजार, चर्च, दोन औषधांची दुकाने, नदी अर्ध्या तासावर. जागा तर अपेक्षेपेक्षा छान मिळाली: दोन खोल्या, पुढे ओसरी, दारात अवाकाडोचे झाड आणि न गळणारे पत्र्याचे छप्पर. घरमालकीण सिडोनी म्हणून एक विधवा आहे. सत्तरीची असेल. सगळे तिला मामाँ म्हणतात. मी अठ्ठावन्न वर्षांची, पण ती मला मुली म्हणते. माझी एकच पेटी बघून म्हणाली की नवऱ्याने हाकललं की सरकारने? मी म्हटले सरकारने. मग ठीक आहे म्हणाली, सरकार निदान पगार तरी देतं.

जेवायला उकडलेली हिरवी केळी आणि शेंगदाण्याचा रस्सा होता. मीठ कमी होते. तसे सांगितले. तिने मिठाची वाटी माझ्यापुढे आपटली आणि हसली. आमचे जमेल.

आज कोणतेही गाव घेतले नाही, वगळले नाही. दोर्कास न्गो बायिहा.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

कचेरी म्हणजे इस्पितळाच्या मागची एक खोली. कपाट, टेबल, संगणक, पंखा. पंखा आवाज करतो, वारा देत नाही.

काम पुन्हा एकदा स्पष्ट लिहून ठेवते. माझ्यानंतर येणाऱ्याला माझ्यासारखे चाचपडायला नको. नदीकाठच्या काळ्या माश्या चावून इथल्या माणसांचे डोळे जातात. त्यावर गोळी आहे, चांगली आहे, वर्षातून एकदा घ्यायची. पण याच जंगलात दुसरा एक किडा आहे. तो माणसाच्या अंगात फिरतो आणि कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्यावरून सरपटत जातो. त्याची पिल्ले ज्याच्या रक्तात खच्चून भरली आहेत त्याने ती गोळी घेतली, तर सगळी पिल्ले एकदम मरतात. माणूस बेशुद्ध होतो. काही उठत नाहीत. म्हणून गोळ्या वाटण्याआधी विचारायचे असते. दर गावात ऐंशी माणसे. प्रत्येकाला फोटो दाखवून प्रश्न: असा किडा तुमच्या डोळ्यातून कधी गेला का? किती दिवस राहिला? शंभरात चाळिसांहून जास्त हो म्हणाले, तर त्या गावात गोळ्या वाटायच्या नाहीत.

सगळ्या गावांत जाणे शक्य नसते. सत्तावीस गावांत विचारायचे आणि उरलेल्या साठ गावांचा अंदाज नकाशाने करायचा. जवळची गावे एकमेकांसारखी असतात, लांबची कमी सारखी. किती अंतरापर्यंत किती सारखी, एवढे मोजले की मधली जागा भरता येते. थोडक्यात, नकाशा शेजारधर्मावर चालतो. एखादे गाव शेजाऱ्यांहून फारच वेगळे निघाले तर ते तरी चुकीचे असते, नाहीतर तेच तेवढे बरोबर असते. हे आकड्यांवरून ओळखता येत नाही.

सव्वीस गावे आधीच्या गृहस्थांनी करून ठेवली आहेत. सगळी वीस ते तीसच्या आत. एकच राहिले आहे. आकोक. असू दे.

गावाची जागा मुख्य कचेरीच्या यादीतून घेतली. यादी जुनी आहे. जंगलातली गावे जागा सोडतात हे मला माहीत आहे, मीही अशाच जंगलातली, एदेआची आहे. म्हणून आमच्या पाहणी करणाऱ्या माणसाला बाजारात चौकशी करायला सांगितले. तो तिघांना विचारून आला. आकोक आहे, नांदतं गाव आहे, असे तिघांनीही सांगितले.

हा माणूस म्हणजे झे ओंदुआ, निवृत्त शाळामास्तर. लांब उत्तरेकडून बदलीने आला आणि इथेच राहिला. काटेकोर आहे. जीपीएस यंत्रातला बाण जिथे थांबतो तिथे उभे राहायचे आणि सगळ्यात जवळच्या घरापासून सुरुवात करायची, ही शिस्त त्याने मला मी न विचारता पाठ म्हणून दाखवली. माझ्या पावलांच्या आवाजावरून मी आले हे ओळखतो. कॉफी ओतताना कपात बोट घालतो. गलिच्छ सवय. सांगितले. बरं मादाम, म्हणाला.

उद्या तो आकोकला जाईल. मोटारसायकलवाला त्याला वाटेवर सोडेल, पुढे पायी.


सोमवार, १० फेब्रुवारी

ओंदुआ आकोकचे ऐंशी फॉर्म घेऊन आला. ऐंशीच्या ऐंशी हो.

असे कधी होत नाही. तीस वर्षांत साठच्या वरचा आकडा मी दोनदा पाहिला आहे. शंभर कधीच नाही. पाहणी करणारे आळस करतात हे जुने दुखणे आहे. आंब्याच्या सावलीत बसतात, ताडी मागवतात आणि संध्याकाळपर्यंत ऐंशी माणसे जन्माला घालतात. मी त्याला उभे केले आणि जे बोलायचे ते बोलले.

त्याला राग आला, पण आवाज चढवला नाही. म्हणाला की मादाम, तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. नक्कल मला वासावरून कळते. मी स्वतः नक्कल करीन? यंत्र डोळ्यांशी धरून तो बाण थांबेपर्यंत चालला. मोठे अंगण होते. माणसे आपण होऊन आली, रांगेने. भारी शांत गाव. इथल्या लोकांसारखा गलका नाही. प्रश्न ऐकून त्यांनी फॉर्म एकमेकांच्या हातात दिले आणि आपापले लिहिले. हा नुसता ऐकत उभा होता. उभा का, विचारले. त्याला तेच खटकले होते. म्हणाला, एवढ्या जणांत एकानेही बसायला स्टूल दिलं नाही. पाणी नाही, मूठभर शेंगा नाहीत. या मुलखात शत्रूलासुद्धा स्टूल देतात.

त्यांनी आपापले लिहिले हे मी पकडले. लिहिणे हे त्याचे काम आहे. का लिहू दिले? मग मी एक फॉर्म त्याच्यापुढे धरला आणि वाचायला सांगितले. त्याने तो हातात घेऊन उलटा धरला.

डोळे जवळजवळ गेले आहेत. नदीची माशी. तीन वर्षे लपवतो आहे. नोकरी गेली तर करणार काय, म्हणाला. मी त्याला बसायला सांगितले.

फॉर्म मात्र खोटे वाटत नाहीत. खोटे लिहिणारा वये तीस, पस्तीस, चाळीस अशी लिहितो. इथे त्रेपन्न आहे, सत्तावीस आहे, त्रेसष्ट आहे. शेवटचे आकडे मोजून पाहिले. खऱ्या माणसांचे जसे विखुरतात तसे विखुरले आहेत. एकच गोष्ट विचित्र. किडा किती दिवस राहिला या प्रश्नाला कोणी दोन दिवस सांगतो, कोणी चार. सातच्या आत तो निघून जातोच. या ऐंशी जणांनी एकच उत्तर लिहिले आहे.

अजून आहे.

आकोकचा ठिपका नियमाप्रमाणे नकाशात घातला. दोर्कास न्गो बायिहा. (डाव्या डोळ्यात काहीतरी गेले आहे. रस्त्याची धूळ.)


बुधवार, १२ फेब्रुवारी

काल युवकदिन होता. शाळेची पोरे कवायत करत गेली आणि कचेरी बंद राहिली. म्हणून फॉर्म घरी आणून ओसरीत तपासत बसले. सिडोनी शेंगा सोलत होती.

तिने एक फॉर्म सहज उचलला. तिला वाचता येते, मिशनच्या शाळेत शिकलेली आहे. पान पुन्हा वरपासून वाचले. मग विचारले की हे तुला कोणी दिलं. मी सांगितले. ती म्हणाली, हा आंजे मेदू. वय त्रेपन्न. हा माझा नवरा.

मला वाटले नवऱ्याच्याच नावाचा दुसरा कोणी असेल. तिने गठ्ठा ओढून घेतला आणि पत्ते वाटावेत तसे एकेक पान खाली टाकत गेली. हा याचा भाऊ. ही माझी सासू, मी लग्न होऊन आले त्याआधीच गेली. हा न्कोलो, बासरी वाजवायचा, माझ्यावर लाइन मारायचा मेला. ही माझी थोरली. सत्तावीस. त्यातल्या अकरांवर बोट ठेवून म्हणाली की हे अकरा एकाच आठवड्यात गेले. गोळ्यांच्या आठवड्यात. त्यानंतर गाव तिथून उठले. नदीकाठची जागा, कोकोची झाडे, थडगी, सगळे टाकून लोक मोठ्या रस्त्यावर आले आणि नाव बरोबर घेऊन आले. आता आकोक म्हणजे रस्त्यावरचे. नदीकाठी एलिग आहे. टाकलेले गाव. तिथे फक्त मेलेले असतात.

तुमच्या आंधळ्या मास्तरला तिथे पाठवलंस होय, म्हणाली. हसणार होती, पण हसू आले नाही.

रात्री झोपले नाही. आज कचेरीत यादी काढून पाहिली. जागा एकोणीस वर्षांपूर्वीची. खाली सही आहे.

माझी.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

लिहिण्याची गरज नाही असे म्हटले होते. आहे.

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. याउन्देत बसून या जिल्ह्याचा पहिला नकाशा मी केला. आकोकला कधी पाय ठेवला नव्हता. आकोकचा आकडा अठ्ठ्याऐंशी आला होता आणि सगळे शेजारी वीसच्या आसपास. मला वाटले पाहणी करणाऱ्याने ताडी पिऊन लिहिले असणार. ठिपका काढला. तेव्हा कारण लिहिण्याचा नियम नव्हता. विचारले तेव्हा तोंडी सांगितले, शेजाऱ्यांशी जुळत नाही. नकाशा सुरेख हिरवा झाला, म्हणजे सगळीकडे गोळ्या वाटायला मोकळीक. शाबासकी मिळाली. गोळ्या गेल्या.

मग चौकशी झाली आणि नियम झाला. माझे नाव कुठे छापले गेले नाही. पुढची एकोणीस वर्षे मी या नियमाची सगळ्यात कडक राखणदार म्हणून ओळखली गेले. सगळे मला घाबरतात.

आज ओसरीत सिडोनीला सांगितले. उभ्याने सांगितले, एका दमात. ती शेंगा सोलत राहिली. एवढेच विचारले की काढताना कारण काय दिलंस. मी सांगितले. ती म्हणाली, आम्ही कधीच कोणाशी जुळलो नाही, मुली. म्हणून तर नदीकाठी राहत होतो.

मग उठून आत गेली. जेवायला वाढले नाही. बरोबरच आहे.


शनिवार, १५ फेब्रुवारी

काल आणि आज रस्त्यावरच्या आकोकमध्ये मी स्वतः ऐंशी माणसांना विचारले. गुडघे बोलायला लागले आहेत. ऐंशीत सतरा हो. शंभरात एकवीस. शेजाऱ्यांशी अगदी जुळते.

रीतीने पाहिले तर प्रश्न मिटला. एलिगचे फॉर्म काढायचे, कारण लिहायचे: वस्ती अस्तित्वात नाही. खरे कारण. हे फॉर्म घालायचे. नकाशा हिरवा. गुरुवारी गोळ्या.

पण आज दुपारी बाराला एका बाईला विचारत होते. बेर्नादेत मेन्येंग, चौतीस वर्षांची, कडेवर मूल. मी फोटो धरला. कधीच नाही, म्हणाली. आणि ती म्हणत असताना तिच्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यावरून तो गेला. केसाएवढा, वळवळत, नाकाकडून कानाकडे. तिने पापणी मिटली, उघडली आणि पुन्हा म्हणाली, कधीच नाही, मादाम.

मी पेन खाली ठेवले. खोटे का, विचारले. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच लहान मूल आहे. म्हणाली की हो म्हटलं की तुम्ही लोक पेटी उचलून परत जाता. एकोणीस वर्षं झाली. एकही गोळी नाही. माझी आई आंधळी, सासरा आंधळा, हा पोरगा रात्रभर अंग खाजवतो. गावाने ठरवलंय. आता नाही म्हणायचं.

गोळीने मराल, म्हटले.

सगळे थोडेच मरतात, म्हणाली. मग थोडी पुढे वाकली. आणि फोटो कशाला दाखवत फिरता? आरशात बघा. तुमच्या डाव्या डोळ्यात आहे.

मागे बसलेले सगळे हसले.

फॉर्मवर ती बोलली तेच लिहायचे असते. नाही, असे लिहिले.


रविवार, १६ फेब्रुवारी

आरशात पाहिले. आहे. जात नाही. मधोमध येतो आणि थांबतो. वाचत असल्यासारखा.

दोन नकाशे केले. जिवंतांचे फॉर्म घातले की हिरवा. मेलेल्यांचे घातले की आकोकभोवती लाल वर्तुळ, रस्त्यावरचे आकोक त्याच्या आत. जिवंत खोटे बोलत आहेत. खरे कोण बोलले ते —

संचालकांना फोन केला. प्रत्येकाचे रक्त तपासू द्या म्हटले, किडा दिवसा रक्तात येतो, दुपारी तपासले की कळते, ज्याचे साफ त्यालाच गोळी. पंधरा दिवस लागतील. ते म्हणाले, बाई, पेट्या निघाल्या आहेत, गोळ्यांची मुदत मार्चमध्ये संपते, ऐंशीपैकी ऐंशी हा आकडा शाळकरी पोरसुद्धा कचऱ्यात टाकेल. एक ओळ लिहा, सही करा. तुम्हाला सवय आहे.

त्यांना माहीत आहे. इतकी वर्षे माहीत होते.

फॉर्म कपाटात ठेवताना मोजले. एक्क्याऐंशी. पुन्हा मोजले. शेवटचा कोरा आहे. फक्त गावाचे नाव लिहिलेले. ओंदुआला बोलावून विचारले. त्याने बोटांनी कागद चाचपला. मी ऐंशीच नेले होते, म्हणाला.


सोमवार, १७ फेब्रुवारी

एलिगला गेले. ओंदुआ बरोबर. भर दुपार, मुद्दाम. रात्री भीती वाटली तर माणूस स्वतःला समजावू शकतो.

वाटेत गवत खांद्यापर्यंत. कोकोची झाडे रानटी झालेली. बाण थांबला आणि गवतही थांबले.

अंगण झाडलेले. खराट्याच्या ताज्या रेघा. एकोणीस वर्षे कोणी राहत नाही आणि अंगण झाडलेले. एक पान नाही. पक्षी नाही. थडग्यांच्या फरशा पुसलेल्या.

ओंदुआ म्हणाला, आलेत. रांगेने उभे आहेत. मला कोणी दिसले नाही. त्याला तर माझ्याहूनही कमी दिसते. त्याने टोपी काढली आणि सगळ्यांना नमस्कार केला, डावीकडून उजवीकडे. मध्येच कोणाच्या तरी बोलण्यावर हसला.

मग मी डावा डोळा उघडा ठेवून उजवा झाकला. किडा मधोमध आला —

होते.

मोजले. सवयीने मोजते. ऐंशी. अकरा पुढे. सिडोनीची थोरली आईसारखीच उभी राहते, कमरेवर हात ठेवून. कोणी रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते.

ओंदुआला याही वेळी कोणी बसायला दिले नाही. तो चाचपत होता, म्हणाला, पाहा, स्टूल नाही, पाणी नाही.

होते. रांगेच्या टोकाला एक स्टूल. त्यावर वाटीत सोललेल्या शेंगा. पाण्याचा पेला. काठोकाठ.

माझ्यासाठी.

बसले नाही. काम राहिले आहे म्हटले. त्यांनी माना हलवल्या. थांबतो म्हणाले — किंवा मला वाटले — थांबायची सवय आहे.


मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळ

सही करणार नाही. पण मी इथे असेन तोवर ते मागत राहतील. फोन, गाडी, माणूस. मी थकलेली आहे. कधीतरी लिहीन ती ओळ. एकदा लिहिली तशीच. स्वतःला ओळखते.

ठिपका घालणारा माणूस हाताशी नसेल तर — पहिल्याच पानावर लिहिले आहे. प्रत्येकाचे रक्त. मग गोळी. बेर्नादेतला, तिच्या पोराला. नियम माझ्यामुळेच झाला. एकदा तरी उपयोगी पडू दे.

सिडोनीला सगळे सांगितले. ती नऊच्या बसने याउन्देला जाते आहे, खात्याच्या दारात बसून राहीन म्हणाली, बघू कोण उठवतो. मला एलिगला जाऊ नकोस असे म्हणाली नाही. पहाटे उठून केळी उकडली. मीठ बरोबर होते. डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की माझ्या थोरलीला सांग, फार वेळ उन्हात उभी राहू नकोस.

सिडोनीच्या हाती दिले, मोजून:

नकाशा, एक. आकोक लाल. वगळल्याचे कारण: वगळलेले नाही.
एलिगचे फॉर्म, ऐंशी. खरे धरावेत.
रस्त्यावरच्या आकोकचे फॉर्म, ऐंशी. खोटे बोलणाऱ्यांना दोष देऊ नये.
रक्त तपासण्याची मागणी, सहीसह.
जीपीएस यंत्र. कपाटाच्या किल्ल्या, दोन.
झे ओंदुआच्या डोळ्यांसाठी इस्पितळाला चिठ्ठी. नोकरीवर ठेवावे, त्याला ऐकू फार छान येते.
ही वही. एक्क्याऐंशीवा फॉर्म तेवढा हिच्यात उतरवते आणि मग देते. मूळ कागद मी बरोबर नेते आहे.

नाव: दोर्कास न्गो बायिहा
वय: अठ्ठावन्न
गाव: आकोक
किडा डोळ्यातून गेला का: हो
किती दिवस राहिला: अजू